शून्याकडनं हातचा

गडमुडशिंगीत कृष्णात खोताचा हात सगळ्यांना ठाऊक होता. माणूस तसा कामाचा. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण डोकं फिरलं की तोंडाआधी हात चालायचा. गल्लीत टेम्पो मागं घेताना घराचा कट्टा घासला म्हणून त्यानं ड्रायव्हरला खिडकीतनं बाहेर ओढला होता. दूध डेअरीत रांग मोडणाऱ्या एकाचं नाक फोडलं होतं. घराच्या मधल्या दाराला त्याच्या बुक्कीनं पडलेलं भोक होतं. त्यावर वर्षाराणीनं, त्याच्या बायकोनं, लेकीच्या शाळेचं वेळापत्रक चिकटवलं होतं.

तो एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कामाला होता. अठरा वर्षं वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतत आलेला. ओतताना ठिणग्या उडतात. त्यांनी दोन्ही हातांवर देवीच्या वणांसारखे डाग पडले होते. भट्टीसमोर तो कधी चुकला नाही. लोखंडाचा रस नुसता रंगावरनं ओळखायचा, आत्ता ओत, आत्ता थांब. मोठे साहेबसुद्धा त्याला विचारायचे. फक्त कागद पुढ्यात आला की त्याच्या मानेची शीर ताठ व्हायची.

त्याला कारण होतं, आणि ते तिसरीतलं होतं.

पन्हाळ्याच्या मागच्या अंगाला एका वाडीत तो वाढला. तिसरीत असताना गुरुजींनी फळ्यावर वजाबाकी घातली होती. वरच्या आकड्यातनं खालचा जात नसेल तर शेजाऱ्याकडनं हातचा घ्यायचा, असं गुरुजी म्हणाले. शेजारी शून्य होतं. कृष्णात उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, शेजाऱ्याकडंच काय नसलं तर?" वर्ग हसला. पोरगं आपली चेष्टा करतंय असं गुरुजींना वाटलं. निरगुडीची फोक त्याच्या पाठीवर मोडली, तेव्हा त्यांनी दुसरी आणवली. ती पोटऱ्यांवर मोडली. तो घरी गेला तेव्हा चड्डी रक्तानं मांडीला चिकटली होती. वडील, आकाराम खोत, गोठ्यात वैरण टाकत होते. त्यांनी पोराकडं पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर उगंच मारंल व्हय?" मग त्याला म्हशीच्या खुंट्याला बांधला आणि कासऱ्यानं हाणला. म्हैस बुजून दोरी ओढत होती. तिच्या खुरांपासून लांब सरकायला त्याला जागाच नव्हती.

त्यानंतर कृष्णातनं शाळेत तोंड उघडलं नाही. शेजारच्याच्या पाटीवरनं उतरवत उतरवत सातवीपर्यंत गेला आणि शाळा सुटली. शून्याकडनं हातचा कसा घ्यायचा ते त्याला कधीच कळलं नाही. जे कळलं ते एवढंच, की समोरच्याला गप्प करायचं असेल तर मारावं लागतं.

त्याची लेक राजनंदिनी. घरात तिला नंदू म्हणत. पहिली-दुसरीत पोरगी गाणी म्हणत शाळेत जायची. तिसरी लागली आणि दप्तर जड झालं. तीन अंकी बेरजा-वजाबाक्या, दहापर्यंतचे पाढे, जोडाक्षरांनी भरलेले धडे, परिसर अभ्यासात कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा. कृष्णातनं त्याच आठवड्यात एक लाकडी पट्टी आणली. आपल्या पोरीला कुणी हसता कामा नये, हे त्याच्या मनात पक्कं होतं.

पहिली पाळी करून तो चार-साडेचारला घरी यायचा. चहा व्हायच्या आत पट्टी हातात असायची.

"सात आठे?"

"छप्पन."

"आठ साते?"

नंदू अडकायची. पट्टी तळहातावर बसायची. आधी एका चुकीला एक, मग दोन. तळहात सुजले तेव्हा हात पालथा करायला लावला. सकाळी वेणी घालताना आईला घडाघडा म्हणून दाखवलेला पाढा संध्याकाळी तिच्या तोंडातनं यायचाच नाही. वर्षाराणी मध्ये पडली की तिलाही दणका बसायचा. एकदा पट्टीच्या कडेनं तिच्या भुवईला खोक पडली. तिनं शेजारणीला कपाटाचं दार लागलं म्हणून सांगितलं.

नंदूच्या वर्गशिक्षिका अरुणा चौगुले मॅडमनी वहीत लिहून पाठवलं होतं: घरी अभ्यास घेताना मारू नये, मूल भीतीने विसरते. कृष्णातनं ते बोट ठेवून वाचलं. "मॅडमचं काय जातंय," म्हणाला आणि वही टाकून दिली.

सप्टेंबरात फौंड्रीत एक जागा निघाली. ओतणाऱ्यांच्या टोळीवर मुख्य माणूस नेमायचा होता. सगळ्यात जुना कृष्णात. त्यानं फक्त रोज पाळी संपताना एक तक्ता भरायचा होता: किती साचे ओतले, किती वाया गेले, किती चांगले निघाले. सुपरवायझर पृथ्वीराज पंचविशीतला पोरगा. त्यानं सगळ्या टोळीसमोर खडू कृष्णातच्या हातात दिला.

ओतलेले चारशे पाच. वाया गेलेले अडुसष्ट.

कृष्णातनं पाटीवर आकडे मांडले. पाचातनं आठ जात नव्हते, शेजारी शून्य होतं. मग त्यानं आयुष्यभर केलं तेच केलं. मोठ्यातनं बारका काढला, मग तो वर असो की खाली. उत्तर आलं चारशे त्रेसष्ट.

पृथ्वीराज आकड्याकडं बघत राहिला आणि हसला. "ओतले चारशे पाच, आणि चांगले निघाले चारशे त्रेसष्ट. कृष्णातमामा, साच्यात काय अंडी घातलीती काय?"

टोळी हसली. कृष्णातच्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. त्यानं पृथ्वीराजच्या तोंडावर कपाळ हाणलं. हाड मोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला. पोरगा वाळूच्या ढिगात पडला, तर हा त्याच्या छातीवर बसला आणि मुठीनं तोंडावर मारत राहिला. चौघांनी ओढून काढलं तेव्हा पृथ्वीराजचे पुढचे दोन दात वाळूत पडले होते. दुपारी ऑफिसात बोलावून पंधरा दिवस कामावर यायचं नाही असं सांगितलं. मुख्य माणसाची जागा गेली ती गेलीच.

घरी आला तेव्हा वर्षाराणी भाकरी थापत होती. नंदू चुलीपासून दोन हातांवर बसून गृहपाठ करत होती. बापाच्या शर्टावर रक्त बघून ती आखडली. कृष्णात तिच्या डाव्या अंगाला जाऊन बसला. वहीत तिसरं गणित होतं: तीनशे दोनातून एकशे सत्तेचाळीस वजा करा. तिनं उत्तर लिहिलं होतं दोनशे पंचेचाळीस.

"चूक हाय हे," तो म्हणाला. ते चूक आहे एवढंच त्याला माहीत होतं. असल्याच उत्तरावर आज दुपारी लोक हसले होते.

नंदूनं खोडलं. पेन्सिल घेऊन आकड्यांकडं बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "पप्पा, दोनातनं सात जात न्हाईत. शेजाऱ्याकडनं घ्यायचं म्हटलं तर तिथं शून्य हाय. शून्याकडनं कसं घ्यायचं?"

कृष्णातनं उघड्या पंज्यानं तिच्या कानावर मारलं.

लोखंड ओतणारा हात तो. आठ वर्षांची पोरगी उचलून फेकल्यासारखी पाटावरनं गेली आणि भिंतीशी धान्याच्या पिंपावर आपटली. तो पुन्हा उठला होता, पुढं झाला होता, हात पुन्हा वर गेला होता. तेवढ्यात वर्षाराणीनं तव्यावरनं उलथनं उचललं आणि त्याच्या मनगटावर हाणलं. तापलेलं लोखंड कातडीला चिकटलं. तो ओरडला. तिनं दुसऱ्यांदा हाणलं, तोंडावर. गालापासनं हनुवटीपर्यंत कातडं सोललं. तिसऱ्यांदा हाणलं तेव्हा तो दारात गेला होता.

"पुढं आलास तर ह्या तव्यानं टाळकं फोडीन तुझं," वर्षाराणी म्हणाली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तिनं त्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती.

नंदू रडत नव्हती. डावा कान धरून बसली होती. बोटांच्या फटीतनं रक्त येऊन फ्रॉकच्या गळ्यात उतरत होतं. तिचे ओठ हलले, "मम्मी, हिकडनं काय ऐकू येईना."

शेजाऱ्याच्या रिक्षातनं तिघं कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात गेली. कृष्णात पुढं बसला, तोंडाला फडकं लावून. डॉक्टरीण तरुण होती. कानात बत्ती घालून तिनं बराच वेळ पाहिलं. मग नंदूचा गाल उजेडाकडं फिरवला. गालावर चार बोटं उमटली होती, मोजता येतील अशी.

"कसं झालं बाळा?"

नंदूनं बापाकडं बघितलं. "पायरीवरनं पडलो."

"कितव्या पायरीवरनं?"

नंदूनं पुन्हा बापाकडं बघितलं. पोरगी आपल्याला वाचवायला खोटं बोलतेय, आणि खोटं बोलताना तिचं अंग लटलटतंय, हे त्याला दिसत होतं. तरी तो काही बोलला नाही.

वर्षाराणी बोलली. "बापानं मारलं. वजाबाकी चुकली म्हणून. लिवून घ्या."

कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टरीण म्हणाली, दोन-तीन महिन्यांत बहुतेक भरून येईल, पाणी जाऊ द्यायचं नाही. पण पहिल्यासारखं ऐकू येईलच असं सांगता येत नाही. तिनं पोलिसांना कळवलं. दुसऱ्या दिवशी कृष्णात सकाळपासनं संध्याकाळपर्यंत पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसून होता. महिला हवालदारानं विचारलं, तसं त्यानं सांगितलं, "मी मारलं." केस झाली. घरी आला तर दाराला कुलूप होतं. वर्षाराणी पोरीला घेऊन कागलला माहेरी गेली होती.

पाचव्या दिवशी तो कागलला गेला. माफी मागायला गेलतो असं तो नंतर सांगायचा. खरं तर बायको-पोरीला घेऊन यायचं, एवढंच डोक्यात होतं. वर्षाराणीचा धाकटा भाऊ अमरसिंह अंगणात ट्रॅक्टरचं चाक काढत होता. हातात पाना होता.

"दाजी, आल्या वाटंनं जावा," अमरसिंह म्हणाला.

"माझी बायको हाय. माझी पोरगी हाय."

"कान कुणाचा हाय मग?"

कृष्णातनं त्याला ढकललं. अमरसिंहनं पाना टाकून दिला आणि नुसत्या हातांनी सुरुवात केली. दोघं तोलामोलाचे. पहिल्या फटक्यात कृष्णातच्या गालावरची भाजलेली खपली निघाली. त्यानं अमरसिंहच्या बरगडीत गुडघा घातला. लोळत लोळत दोघं शेणाच्या ढिगावर गेले. अमरसिंह वर आला आणि दर ठोशाला "दाजी" म्हणत मारत राहिला. दाजी, माझ्या बहिणीची भुवई. दाजी, माझ्या भाचीचा कान. कृष्णातचा एक डोळा मिटला. त्यानं अमरसिंहचा अंगठा दातात धरला तेव्हा वर्षाराणीनं वैरण तोडायचं लाकडी पाटं घेऊन दोघांच्या मधे मारलं. लाकूड दगडावर आपटून चिरलं.

"बास," ती म्हणाली. "पोरं बघालीती."

दारात नंदू उभी होती. कानात कापूस. भांडणाला भ्यालेलं पोर जसं बघतं तशी ती बघत नव्हती. रोजचं काहीतरी चाललंय, संपलं की आत जायचं, अशी उभी होती.

वर्षाराणीनं सांगितलं, नंदूचं नाव ती कागलच्या शाळेत घालणार. मुडशिंगीच्या शाळेतनं दाखला काढून आणायचा, तेवढं एक काम कर. अमरसिंह आत गेला. कृष्णात घरामागच्या पाण्याच्या टाकीवर तोंड धुवायला गेला. रक्ताच्या गुळण्या टाकत असताना भिंतीपलीकडनं त्याला पोरींचे आवाज आले. अमरसिंहची पाच वर्षांची तेजस्वी आणि नंदू. शाळा-शाळा खेळत होत्या.

"सांग, आठ साते?" नंदूचा आवाज.

"मला यीत न्हाय."

"यीत न्हाय म्हंजे? तोंड वर करून काय बघालीस? हात पुढं कर."

सट्कन आवाज आला. मग पुन्हा. "पालथा कर. पालथा कर म्हटलं की." तिसरा आवाज आला आणि तेजस्वी भोकाड पसरून रडायला लागली.

कृष्णात भिंतीला वळसा घालून गेला. नंदूच्या हातात उसाचं वाळलेलं कांडं होतं. तेजस्वीच्या इवल्या बोटांच्या पेरांवर तांबडे वळ उठले होते. शब्द त्याचे होते. आवाज त्याचा होता. उभं राहायची ढब, एक पाय पुढं, मान वाकडी, तीही त्याची. नंदूनं त्याला पाहिलं, कांडं टाकलं आणि दोन्ही हातांनी दोन्ही कान झाकून खाली बसली.

तो तिच्या जवळ गेला नाही. पाऊल उचललं असतं तर पोरगी किंचाळली असती, एवढं त्याला त्या क्षणी कळलं. तोंड न पुसताच तो हायवेपर्यंत चालत गेला.

दाखल्यासाठी तो शाळेत गेला त्या दिवशी तिसरीची पालकसभा होती. अरुणा मॅडम व्हरांड्यात भेटल्या. बारीक चणीच्या, पन्नाशीच्या बाई. त्यांनी त्याचा सुजलेला डोळा पाहिला. दाखला देते, पण आधी सभेला बसा, म्हणाल्या. तो वर्गात मागं, भिंतीला टेकून बसला. पंचवीस-तीस आयाबाया आणि पाच-सहा बाप्ये पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं: तीनशे दोन वजा एकशे सत्तेचाळीस. "पोरांना रोज रागावताय ना, या गणितावरनं? मग आज तुम्ही सोडवा. कोण येतंय?" कुणी हललं नाही. त्यांची नजर मागं गेली. "राजनंदिनीचे पप्पा, या."

नाही म्हणता आलं असतं. पण उठला. खडू घेतला. त्यानं लिहिलं, दोनशे पंचेचाळीस. पहिल्या बाकावर यशराज नावाच्या पोराचा बाप बसला होता, त्याला हसू आलं. कृष्णात वळला आणि एका ढांगेत त्याची कॉलर धरून त्याला बाकातनं उपसला. बाक उलटला. बायका भिंतीकडं सरकल्या. मूठ वर गेली होती.

मॅडम मधे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं डोकं त्याच्या छातीला लागत होतं. "एकोणीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "या वर्गात कुणी कुणाला मारलेलं नाही. ना मी, ना पोरांनी. मारायचं असेल तर आधी मला मारा."

कृष्णातच्या हातात त्या माणसाचा श्वास अडकला होता. त्यानं कॉलर सोडली.

"आणि तुम्ही," मॅडम यशराजच्या बापाला म्हणाल्या, "हसलात. मग तुम्ही सोडवा." त्या माणसानं शर्ट नीट केला, फळ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. त्यालाही येत नव्हतं. खोलीतल्या निम्म्या लोकांना येत नव्हतं.

मॅडमनी टेबलावर काड्या मांडल्या. दहा काड्या रबरानं बांधून एक गठ्ठा, असे दहा गठ्ठे सुतळीनं बांधून एक मोठा जुडगा. तीन जुडगे आणि दोन सुट्या काड्या. झाले तीनशे दोन. "यातनं सात सुट्या काड्या मला द्या," त्या कृष्णातला म्हणाल्या.

"दोनच हाईत."

"मग?"

काड्यांकडं बघत त्यानं विचारलं. "शेजाऱ्याकडंच काय नसलं तर?"

कुणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, "हा तिसरीतला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. शेजाऱ्याकडं नसलं तर त्याच्या पलीकडच्याकडं जायचं." त्यांनी एक जुडगा त्याच्या हातात दिला. "सोडा सुतळी."

त्यानं सोडली. दहा गठ्ठे टेबलावर पडले. त्यातला एक उचलून त्यानं आपणहून रबर काढलं. दहा काड्या सुट्या झाल्या, आधीच्या दोन, बारा. मागं राहिलेले गठ्ठे त्यानं मोजले, नऊ. बारातनं सात गेले, पाच. नवातनं चार गेले, पाच. दोन जुडग्यांतनं एक गेला, एक. एकशे पंचावन्न.

त्यानं काड्या पुन्हा गोळा केल्या, बांधल्या आणि पुन्हा सोडल्या. तिसऱ्यांदा करताना त्याला समोरचं दिसेना. एवढंच होतं. एवढ्यासाठी पाठीवर दोन फोका मोडल्या होत्या. आणि एवढ्यासाठी त्यानं पोरीचा कान फोडला होता.

मॅडम बाकीच्यांना सांगत राहिल्या. पाढा पाठ नसेल तर घरात वाट्यांत शेंगदाणे मांडा, सात वाट्या, आठ-आठ दाणे, पोराला मोजू द्या. चूक आली तर उत्तर सांगू नका, तू कसं केलंस ते मला सांग म्हणा. सांगता सांगता त्याची त्यालाच चूक सापडते. रोज दहा मिनिटं एक पान त्यानं वाचायचं, एक तुम्ही. अडखळलात तरी वाचा, मोठी माणसंही अडखळतात हे त्याला कळू द्या. नकाशा पाठ करून घेऊ नका; कागलला निघालात तर कुठली नदी लागली, कुठला रस्ता, ते विचारा. तुमचं काम काय ते सांगा. आणि जेवायला बसल्यावर पाढे विचारू नका.

सभा सुटल्यावर त्यांनी कृष्णातला थांबवून नंदूची निबंधाची वही दिली. विषय होता माझे वडील. पाचच ओळी होत्या. माझे पप्पा लोखंड ओततात. पप्पा घरी आले की चप्पल वाजते. चप्पल वाजली की मी दप्तर टोपलीखाली लपवते. पप्पांना लोखंडाचे सगळे रंग माहीत आहेत. मला ते बघायचे आहेत.

त्यानं वही दोनदा वाचली. "मी काय करू, मॅडम?"

"तिला शिकवायला जाऊ नका. तिच्याकडनं शिका. आणि तिच्यापुढं बसाल तेव्हा हात मांडीखाली घालून बसा. मी गंमत करत नाही."

दाखला त्यानं मागितला नाही. कागलला फोन करून वर्षाराणीला काड्यांचं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "तुमाला कळलं ते बरं झालं. आमी काय लगेच येत न्हाय."

ती डिसेंबरात नंदूला घेऊन आली, आणि पोरगी पुन्हा मॅडमच्या वर्गात बसू लागली. तोवर तो पृथ्वीराजच्या घरी जाऊन उंबऱ्याबाहेर उभा राहून आला होता. पृथ्वीराजच्या आईनं त्याच्या तोंडावर दार लावलं, ते त्याला बरोबरच वाटलं. वर्षाराणीनं अट घातली. ती घरात नसताना त्यानं पोरीचा अभ्यास घ्यायचा नाही, आणि एकदा जरी पोरीच्या अंगाला हात लागला तर ती कायमची कागलला निघून जाईल. लाकडी पट्टी तिनं त्याच्यादेखत चुलीत घातली.

बदल एका दिवसात झाला नाही. जानेवारीत नंदू भागाकार सांगत होती, कृष्णातला कळेना, आणि ती सहज म्हणाली, "पप्पा, एवढं पण यीत न्हाय व्हय तुमाला?" मांडीखालचा हात सुटून वर गेला. नंदू डोकं गुडघ्यांत घालून गोळा झाली. वर्षाराणी उठली. कृष्णात त्या दोघींना ओलांडून बाहेर गेला आणि परड्यातल्या लिंबाच्या बुंध्यावर मूठ मारत राहिला, साल रक्तानं चिकट होईपर्यंत. बोटाचं हाड मोडलं. प्लास्टर घालून महिनाभर तो पोरीसमोर बसला, आणि ती त्याच्या डाव्या हाताला आकडे काढायला शिकवत होती.

केसच्या तारखा चालू आहेत. प्रत्येक तारखेला तो जातो आणि वकिलाला सांगतो की काही लपवू नका.

एप्रिलच्या शेवटी निकाल लागला. गणितात नंदूला चांगला शेरा होता, परिसर अभ्यासातही. श्रुतलेखनात दहापैकी चार. खाली मॅडमनी लिहिलं होतं: डाव्या कानाने कमी ऐकू येते, त्यामुळे शब्द निसटतात, सराव हवा. त्याखाली ‘पालकांची सही’ असं लिहिलेली रेघ होती. कृष्णातनं त्या रेघेवर सही केली. सही करताना त्याला बराच वेळ लागला. वर्षाराणी बघत होती.

आता उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज चहा झाल्यावर तो नंदूच्या उजव्या अंगाला बसतो आणि पुस्तकातले शब्द एकेक करून वाचतो. ती लिहिते. जोडाक्षर आलं की तोच अडखळतो, मग ती पुस्तक ओढून घेऊन बघते आणि कसं म्हणायचं ते सांगते. मध्येच त्यानं कपाळावरचा घाम पुसायला हात वर नेला की तिची पेन्सिल थांबते. तो हात हळूच खाली घेतो, पुन्हा मांडीखाली घालतो आणि पुढचा शब्द वाचतो. थोड्या वेळानं पेन्सिल पुन्हा चालू होते.